अमृत वरठाचा झाडू

अमृत वरठा एक जूनला जन्मला, असं त्याची सगळी कागदपत्रं सांगतात. खरं म्हणजे तो भात कापणीच्या दिवसांत जन्मला. विळा शेतात टाकून आपण कशी धावत घरी आलो, हे त्याची मावशी, काळी नावाची, अजून सांगते. पण आश्रमशाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख विचारली, मावशीने कापणी सांगितली, आणि कापणीला रकाना नसल्यामुळे गुरुजींनी एक जून लिहून टाकलं. त्या वर्षी पहिलीत बसलेली सगळीच पोरं एक जूनची निघाली. जी माणसं शाळेत गेलीच नाहीत त्यांचं तर आणखी सोपं. आधारवाला लॅपटॉप घेऊन पाड्यावर आला, त्याने वय विचारलं, ‘असंल साठ-पासष्ट’ असं उत्तर मिळालं की एक जानेवारी एकोणीसशे पन्नास ठोकून मोकळा झाला. कागद खरे मानायचे तर त्या दिवशी त्याच्या गावच्या, सावरखिंडीतल्या सुईणीला पाणी प्यायलाही उसंत मिळाली नसणार.

हे सगळं अमृतला लहानपणापासून ठाऊक होतं. मित्रांत बसून तो यावर हसायचाही. म्हणूनच पुढे जे झालं त्याबद्दल त्याला स्वतःला माफ करता आलं नाही, आणि त्याची बाजू घेणाऱ्यालाही इथे जरा अडखळायला होतं.

सावरखिंड तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. गाव एक आणि पाडे नऊ. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायचं तर ओढे ओलांडत तास मोडतो. अमृत दोन वर्षांचा असताना त्याची आई गेली, बाप वापीकडे कामाला गेला आणि त्याने तिकडेच दुसरं घर केलं. पोर डोंगरपाड्यावर मावशीकडे राहिलं. मावशीचा नवरा चैत्या धांगडा भला माणूस होता, पण तोही लवकर गेला. मावशीला स्वतःचं मूल नव्हतं. डावा डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेलेला. उरलेल्या एका डोळ्यावर तिने भात केला, घोलवडच्या वाड्यांत चिकू काढले आणि अमृतला बारावीपर्यंत शिकवलं. चिकूच्या कामात ती पक्की होती. फळाला नखाने जरासं खरवडायचं, आत हिरवं दिसलं तर झाडावर राहू द्यायचं, पिवळसर दिसलं तर काढायचं. वाडीत नवीन बाई आली की मुकादम तिला शिकायला काळीजवळच पाठवायचा.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात अमृत डहाणूला नोकरीला लागला. ‘उजेडघर’ नावाचा एक ट्रस्ट होता. तो गावोगाव डोळ्यांची शिबिरं घ्यायचा आणि ज्यांना मोतीबिंदू असेल त्यांना बसने वसईकडच्या आपल्या दवाखान्यात नेऊन फुकट ऑपरेशन करून आणायचा. डहाणूत स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर त्यांची दोन खोल्यांची कचेरी होती. तिथे अमृत ऑपरेटर. शिबिरातून फॉर्मचे गठ्ठे यायचे, ते कॉम्प्युटरवर चढवायचे, बोलावण्याच्या याद्या काढायच्या आणि ऑपरेशन झालेल्यांची नोंद करायची.

तो रुजू झाला आणि दोन महिन्यांत ठाणे जिल्हा फुटून पालघर जिल्हा झाला. मुंबईच्या मुख्य कचेरीतून हुकूम आला की सगळ्या जुन्या नोंदींत ठाणे खोडून पालघर करा. दर शिबिराची एक फाइल, अशा दोनशे बारा फायली. अमृत मुळात हुशार आणि तितकाच आळशी. दोनशे बारा वेळा तेच काम करायला त्याचं मन घेईना. कॉलेजात एका सरांनी कॉम्प्युटरला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत चार ओळी लिहून शंभर फायलींची नावं एका फटक्यात बदलून दाखवली होती. त्याने तशाच ओळी लिहिल्या आणि चालवायला गेला. काळी खिडकी उघडली आणि तिच्यात इंग्रजीत दोनच ओळी उमटल्या. ही सोय व्यवस्थापकाने बंद केली आहे. पुढे जाण्यासाठी कोणतंही बटण दाबा. त्याने बटण दाबलं. खिडकी मिटली.

व्यवस्थापक म्हणजे मुंबईला बसणारा नविन. ट्रस्टचे सगळे कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात, आणि त्याला कोणी पाहिलेलं नाही, फक्त फोनवर ऐकलेलं.

“नविनभाई, एक छोटा स्क्रिप्ट चालवायचा होता. ते कमांडचं खोलून देता का?”

“ते सगळ्यांचंच बंद आहे रे. पॉलिसी आहे. तू एंट्री कर ना, बाकीचं टेन्शन कशाला घेतो?”

“पण दोनशे फायली आहेत.”

“मग कर ना आरामात. तुला कोण घाई करतंय?”

अमृतने फोन ठेवला आणि जिद्दीला पेटला. त्याच्या मोबाइलवर शोधता शोधता त्याला कळलं की एक्सेललाच एक मागची खोली आहे. दोन बटणं एकदम दाबली की ती उघडते, आणि तिथे बसून लिहिलेलं एक्सेल निमूट ऐकतं. नविनने पुढचं दार कुलूप लावून बंद केलं होतं, मागचं उघडंच होतं. कचेरीत इंटरनेटही बंद, म्हणून अमृत मोबाइल मांडीवर ठेवून एकेक ओळ हाताने उतरवून घ्यायचा. आठ दिवस खपला. नवव्या दिवशी चहा पिऊन होईपर्यंत दोनशे बारा फायलींतलं ठाणे गेलं आणि पालघर आलं. आपल्या त्या करामतीला त्याने ‘झाडू’ नाव दिलं. घरी जाताना स्टेशनच्या पुलावर तो एकटाच हसत होता, असं त्याची बायको जयश्री सांगते. तेव्हा ती त्याची बायको नव्हती, त्याच पुलावरून रोज वाणगावची गाडी पकडायला जायची.

पुढे झाडूला त्याने दुसरं काम दिलं, आणि ते काम खरोखर गरजेचं होतं. लोक एका शिबिरात नाव देऊन थांबत नसत. तलासरीत द्यायचे, उधव्यात द्यायचे, बाजाराला वाणगावला गेले तर तिथेही द्यायचे. यादीत एकच माणूस तीन-तीनदा. चाळीसची बस पंचवीस जण घेऊन जायची आणि ज्यांना खरी गरज ते घरी बसून राहायचे. शिबिरांवर फिरणारी नर्स शितल वैतागून म्हणायची, “अमृतभाऊ, तुमची यादी म्हणजे नुसती पडछाया आहे. हाका मारून घसा बसतो आणि माणूस नाही.” म्हणून अमृतने झाडूला शिकवलं. नाव तेच, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच आणि जन्मतारीख तीच असली तर माणूस तोच. पहिली ओळ ठेव, बाकीच्या काढ. आणि ज्याचं ऑपरेशन झालं आहे त्याला पुन्हा बोलावू नकोस.

सुरुवातीला त्याने सावधगिरी ठेवली होती. ओळ काढण्याआधी झाडू थांबून विचारायचा, ‘ही काढू का?’ अमृत दोन्ही ओळी डोळ्यांखालून घालायचा आणि हो म्हणायचा. महिनाभर तो हो-हो म्हणत राहिला. एकदाही नाही म्हणायची पाळी आली नाही. मग रोज संध्याकाळी साठ-सत्तर वेळा हो म्हणायचा त्याला कंटाळा आला आणि त्याने तो प्रश्नच काढून टाकला. काढलेल्या ओळी कुठे बाजूला ठेवाव्यात हेही मनात आलं होतं, पण नविनने फायली ठेवायला जागा बेताची दिली होती. ते राहून गेलं.

बस भरून जाऊ लागली. वाट पाहण्याचे दिवस निम्म्यावर आले. सव्वीस जानेवारीला डॉक्टरांनी सगळ्यांसमोर अमृतला गुलाबाचं फूल दिलं. झाडूचं गुपित मात्र त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नविनने दुसऱ्याच दिवशी मागची खोली बंद केली असती.

दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत सावरखिंडीत शिबिर झालं. मावशीच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. चिकू खरवडला तरी आतलं हिरवं की पिवळं ते कळेना, म्हणून मुकादमाने तिला वाडीतून कमी केलं होतं. अमृत मुद्दाम रजा घेऊन गेला. तिला शाळेच्या ओसरीपर्यंत घेऊन आला आणि तिचा फॉर्म स्वतःच्या हाताने भरला. काळी चैत्या धांगडा, गाव सावरखिंड, एक जानेवारी एकोणीसशे पन्नास.

“दिसंल ना रं पोरा?” तिने विचारलं.

“दिसेल मावशी. चांगलं दिसेल. नंबर लागला की बस येईल, तू फक्त बसायचं.”

“तू सांगितलंस म्हंजे झालं.”

आता इथे सांगून टाकलं पाहिजे, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही. सावरखिंडीत आणखी एक काळी होती. पाटीलपाड्याची, दोन ओढे पलीकडे. चैत्र महिन्यात जन्मलेल्या पोराला चैत्या म्हणतात, तेव्हा तिच्याही नवऱ्याचं नाव चैत्या असण्यात नवल काही नव्हतं. आडनाव धांगडा, कारण अर्धा गाव धांगडा. आणि जन्म अर्थातच एक जानेवारी एकोणीसशे पन्नास. तिने आठच दिवस आधी तलासरीत नाव दिलं होतं. फॉर्मवर पाड्याला रकाना नव्हता. संध्याकाळी झाडू फिरला, त्याला दोन काळी एकच वाटल्या. त्याने पाटीलपाड्याची ठेवली आणि डोंगरपाड्याची काढली. कोणाला विचारलं नाही.

मे महिन्यात दवाखान्यातून झालेल्यांची यादी आली. त्यात अमृतला नाव दिसलं. काळी चैत्या धांगडा, सावरखिंड, शस्त्रक्रिया यशस्वी. त्याचे डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी तो जयश्रीला घेऊन समुद्रावर गेला आणि म्हणाला, “मावशीचं झालं.” दुसरी काळी त्याच्या मनातही आली नाही.

तुम्ही म्हणाल, मग गावी गेल्यावर तरी कळलंच असेल. तसं झालं नाही. लग्न झालं, जयश्री गरोदर, डहाणूची खोली, कामाचा रेटा. तो होळीला गेला तो अर्ध्या दिवसापुरता. अंगणात माणसं, ढोल, धूर. त्याने विचारलं, “डोळा कसा आहे मावशी?” ती म्हणाली, “बरा हाय.” तिच्या पिढीचं माणूस दुसरं काय म्हणणार? अंगणातला दगड न् दगड तिच्या पायांना पाठ होता, त्यामुळे चालताना ती कुठे अडखळली नाही. पुढे मुलगी झाली, तिला घेऊन ते गेले, तेव्हा मावशीने बाळाच्या तोंडावरून कितीतरी वेळ बोटं फिरवली. जयश्रीला वाटलं, म्हाताऱ्या माणसांची मायाच तशी.

आणि मावशी दर शिबिराला जात होती. शेजारचा सुक्या तिला हाताला धरून न्यायचा. दर वेळी नवा फॉर्म भरला जायचा, दर वेळी तो डहाणूला पोहोचायचा, शेकड्यांच्या गठ्ठ्यात अमृतच्या बोटांखालून न वाचल्यासारखा कॉम्प्युटरवर चढायचा आणि दर वेळी झाडू बघायचा की या काळीचं तर ऑपरेशन झालेलं आहे. बस यायची. शितल नावं वाचायची. मावशीचं नाव यायचं नाही.

“नाव वरून आलं नाही मावशी,” शितल म्हणायची. “पुढच्या वेळी येईल.”

वर कोण बसतो ते मावशीला ठाऊक होतं. सुक्या चिडायचा, अमृतला फोन लावतो म्हणायचा. मावशी त्याला गप्प करायची.

“नको. तो आपल्या माणसाला रांगंत पुढं घेत नाय. आधी लोकांचं, मग घरचं. तसाच वाढवलाय मी त्याला.”

हे ती पाड्यावर सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना तिची मान ताठ व्हायची. अशी जवळजवळ तीन वर्षं गेली.

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत शितल बाळंतपणाच्या रजेवर होती. सावरखिंडीच्या शिबिराला यादी वाचायला कोणी नव्हतं, म्हणून अमृतला पाठवलं. तो खुशीत होता. मावशीसाठी त्याने डहाणूहून गोड बिस्किटं घेतली होती. शाळेच्या ओसरीवर उभा राहून तो नावं वाचू लागला. पुढच्या रांगेत काळा चष्मा लावलेली एक म्हातारी बसली होती.

“तुमचं काय आजी?” त्याने विचारलं.

“माझं झालंय. चष्म्याचा नंबर बदलायला आलंय. काळी चैत्या धांगडा, पाटीलपाडा.”

अमृतला त्या क्षणी पुरतं कळलं नाही. तेवढ्यात रांगेच्या शेवटाकडून ओळखीचा आवाज आला.

“अमृत, तूच वाचतोस का आज? मग आज तरी माझा नंबर हाय का रं?”

मावशी सुक्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. तोंड त्याच्याकडे नव्हतं. त्याचा आवाज ओसरीच्या भिंतीवर आपटून येत होता आणि ती भिंतीकडे बघत होती.

डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड तिच्या डोळ्यात टाकला. उजेड कुठून येतो ते सांगा म्हणाले. तिने विचारलं, “लावला काय?” डॉक्टरांनी अमृतला बाजूला घेतलं. मोतीबिंदू पिकून फुटला होता, डोळ्यातला दाब चढला होता, आतली नस मेली होती. आता काही होणार नव्हतं.

“आधी आणली असती तर?” अमृतने विचारलं.

“वर्षभर आधी जरी आणली असती तरी साधं ऑपरेशन होतं,” डॉक्टर म्हणाले. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमृतने नविनला फोन करून सगळं सांगितलं. काढलेल्या ओळी परत मिळतील का, एवढंच त्याला हवं होतं. नविन म्हणाला, “तू असलं काही चालवतोस हे मला एकदा तरी सांगायचं ना. मी निदान बघितलं तरी असतं.” आणि मग स्वतःच म्हणाला, “नाही, बंदच केलं असतं.” ओळी मिळाल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत मागची खोलीही बंद झाली.

कागदाचे फॉर्म मात्र माळ्यावर गोण्यांत पडून होते. मार्चअखेर अमृतची नोकरी संपणार होती, झाडूचं कळल्यावर मुंबईहून तसं पत्रच आलं होतं. त्याने ते खणात ठेवलं आणि गोण्या खाली काढल्या. एकेक फॉर्म हातात घेऊन, एकेक नाव यादीशी लावून, पाड्यापाड्यावर फोन करून तो विचारत राहिला. तुमच्याकडे या नावाचं आणखी कोणी आहे का? दोन महिने लागले. एकोणीस माणसं सापडली. बहुतेकांना बसमध्ये बसवता आलं. एक म्हातारा मरून गेला होता. दोघांना उशीर झाला होता, आणि त्या दोघांतली एक मावशी.

तिला अजून खरं सांगितलं नव्हतं. पाड्यावर ती तेच सांगत होती की पोराने लोकांचं आधी केलं. आता तर ती जास्तच सांगायची.

“नको सांगूस,” जयश्री म्हणाली. “त्यांच्याकडे तेवढंच उरलंय. तेही काढून घेणार का?”

अमृतने आठ दिवस विचार केला. न सांगणंच बरं, असं त्यालाही वाटू लागलं होतं. पण होळीच्या आदल्या दिवशी तो गेला तेव्हा मावशी त्याच्या मुलीला मांडीवर घेऊन सांगत होती, “तुझ्या बापाला समदं ठावं असतं.” ते त्याला ऐकवेना. मुलीला जयश्रीने बाहेर नेलं. मावशी सुपातल्या तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढत होती. तो तिच्यासमोर बसला आणि सांगितलं. कॉम्प्युटर, झाडू, दोन काळी, एक जानेवारी. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. शेवटी तो म्हणाला, “तुझं नाव मी मागे ठेवलं नव्हतं मावशी. माझ्या हातून ते पुसलं गेलं. मला वाटत होतं, तुझं झालं.”

तिची बोटं थांबली.

“म्हंजे मी वाट बघते, हे तुला ठावं नव्हतं?”

“नव्हतं.”

“एवढे दिस?”

“नव्हतं मावशी.”

“मला वाटलं, तुला ठावं हाय,” ती म्हणाली. “म्हनून तर मी गप बसले.”

ती रागावली नाही, रडली नाही. तिने पुन्हा सुपात हात घातला, पण आता ती खडे काढत नव्हती, नुसते तांदूळ इकडचे तिकडे करत होती. अमृतला तिचे पाय धरावेसे वाटले, तेही त्याच्याने झालं नाही. तो तसाच बसून राहिला. बाहेर पोरं होळीची लाकडं ओढत नेत होती. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

“अमृत, हायस का गेलास?”

“आहे मावशी. इथंच आहे.”

थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं, आणि त्याने पुन्हा सांगितलं.